चष्म्याचा नंबर घालवायचाय? यंत्राचं नाव नंतर, आधी कॉर्नियाचा हिशोब

जाहिरातीत नावं यंत्रांची असतात: लॅसिक, कॉन्ट्यूरा, स्माइल, स्माइल प्रो, सिल्क, आयसीएल. दवाखान्यात गेलं की पॅकेजचा कागद समोर येतो आणि 'सगळ्यात नवीन' किंवा 'आपल्याला परवडेल असं' बघून बोट ठेवलं जातं. क्रम याच्या बरोबर उलटा हवा. कॉर्नियाची जाडी, त्याचा आकार, चष्म्याचा नंबर, डोळ्यातला ओलावा, वय आणि रोजचं काम एवढं नीट कागदावर आलं की बहुतेकांसमोर एक-दोनच पर्याय उरतात. काहींसमोर एकही उरत नाही, आणि त्यांना तसं स्पष्ट सांगणारा डॉक्टर भेटला तर ते त्यांचं भाग्यच.

नावं अनेक, प्रकार मोजके

बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) असते, त्यातली ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाची. मध्यभागी त्याची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. मायनस नंबर घालवायचा तर लेसरने मधला भाग कोरून कॉर्निया चपटा करतात. प्लस नंबरला कडेचा भाग कोरतात, म्हणजे मधला भाग उंच होतो. दोन्हीकडे मूळचा पेशीभाग कायमचा काढला जातो. तो परत भरून येत नाही.

हे कोरण्याचे तीन रस्ते आहेत. पीआरकेमध्ये वरची पातळ त्वचा खरवडून किंवा लेसरनेच काढून पृष्ठभागावर काम होतं. लॅसिकमध्ये सुमारे १०० ते ११० मायक्रॉन जाडीची झडप कापून उचलतात, खाली लेसर मारतात आणि झडप परत बसवतात. स्माइलमध्ये फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती कापतो आणि सर्जन ती २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून बाहेर ओढून काढतो. स्माइल प्रो म्हणजे तेच काम जास्त वेगाने करणारं यंत्र. सिल्क हे दुसऱ्या कंपनीचं, पण याच जातीचं तंत्र. कॉन्ट्यूरा हे लॅसिकच आहे. त्यात कॉर्नियाचे बारीक उंचसखल भाग मोजून लेसरचा आराखडा आखतात, झडप मात्र असतेच. 'ब्लेडलेस लॅसिक' म्हणजे झडप पात्याऐवजी फेम्टोसेकंद लेसरने कापलेली. ही वंशावळ लक्षात ठेवली की निम्मा गोंधळ मिटतो.

चौथा रस्ता वेगळाच आहे. कॉर्नियाला हात न लावता बाहुलीमागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे, एक जादा भिंग बसवायचं. हे आयसीएल. बडोद्यात बनणारं आयपीसीएल हे भारतीय भिंगही याच जागी बसतं. पाचव्या रस्त्यात नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम बसवतात, म्हणजे मोतीबिंदू नसताना केलेली मोतीबिंदूचीच शस्त्रक्रिया. तरुण, मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात ती टाळावी. जवळचं बघण्याची नैसर्गिक लवचिकता त्याच दिवशी संपते आणि लांबट डोळ्यात मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका वाढतो. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः प्लस नंबरवाल्यांना, ती विचारात घेता येते.

तपासणीच्या आधीची तयारी

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती आधी बंद करा. साधी मऊ लेन्स किमान एक आठवडा, सिलिंडर नंबरची (वेगवेगळ्या दिशांना वेगळा असणारा नंबर) मऊ लेन्स दोन आठवडे, कडक लेन्स तीन ते चार आठवडे. लेन्स कॉर्नियाला दाबून त्याचा आकार बदलते. काल रात्री लेन्स काढून आज स्कॅन केला तर स्कॅन तुमच्या डोळ्याचा येत नाही, लेन्सने दाबलेल्या डोळ्याचा येतो. मग नंबरही चुकतो. अनेक वर्षं कडक लेन्स घातलेल्यांचा आकार स्थिर व्हायला महिने लागू शकतात. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा स्कॅन करून ते जुळतात का ते पाहतात.

मागच्या दोन-तीन वर्षांचे चष्म्याचे कागद शोधून ठेवा. गेल्या वर्षभरात नंबर ०.५ पेक्षा जास्त बदलला असेल तर थांबायचं. वय १८ ही किमान अट आहे, पण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नंबर वाढतच असतो, म्हणून २१ पर्यंत वाट पाहिलेली बरी. लग्न ठरलंय म्हणून घाईने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांत नंबर परत आला, तर तो शस्त्रक्रियेचा दोष नसतो. डोळा तेव्हा वाढायचा थांबलाच नव्हता.

औषधांची यादी सोबत न्या. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील तर सांगा, कारण त्याने डोळे कोरडे पडतात आणि जखम भरायला त्रास होतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. संधिवात, ल्युपस यांसारखे आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह, डोळ्यात पूर्वी झालेली नागीण यातलं काहीही लपवू नका. घरात कुणाला केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) झाला आहे का, कुणाचं कॉर्निया बदलण्याचं किंवा कॉर्नियाला बळकटी देणारं 'सी थ्री आर'चं ऑपरेशन झालं आहे का, हेही विचारून जा.

त्या दिवशी गाडी चालवत जाऊ नका. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो.

स्कॅन: इथेच खरा निर्णय होतो

लेसरनंतर क्वचितच, पण सगळ्यात वाईट होणारी गोष्ट म्हणजे एक्टेशिया. कमजोर झालेला कॉर्निया आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगतो, नंबर आणि सिलिंडर वेडेवाकडे वाढतात आणि चष्म्याने दिसेनासं होतं. ज्यांना मुळात केराटोकोनस किंवा त्याची अगदी सुरुवात आहे, त्यांच्यात हा धोका सगळ्यात मोठा. नागपूर परिसरातल्या ग्रामीण भागात झालेल्या एका मोठ्या नेत्रपाहणीत ४८ डायॉप्टर किंवा जास्त वक्रता ही खूण धरली तेव्हा केराटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के निघालं होतं. आपल्याकडे ॲलर्जी आणि डोळे चोळण्याची सवय दोन्ही भरपूर, त्यामुळे ही तपासणी घाईत उरकण्याजोगी नाही.

म्हणूनच पेंटाकॅम, सिरियस, गॅलिली यांसारख्या यंत्रावर कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढलाच पाहिजे. केवळ पुढच्या बाजूचा रंगीत नकाशा पुरत नाही. आजाराच्या सुरुवातीला मागची बाजू आधी फुगते, आणि पुढच्या फुगवट्यावरची त्वचा स्वतः पातळ होऊन तो झाकून टाकते. त्वचेच्या जाडीचा वेगळा नकाशा ओसीटीवर (प्रकाशाने थरांचं चित्र घेणारं यंत्र) निघतो. शंका असेल तेव्हा तो मागा.

रिपोर्टवर तुम्ही स्वतः बघावं असं थोडंच आहे. एक, सर्वांत पातळ बिंदूची जाडी. मधल्या बिंदूची नव्हे, हिशोब पातळ बिंदूवर होतो. दोन, दोन्ही डोळ्यांचे नकाशे एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटतात का. एका डोळ्यात खालच्या बाजूला लाल डाग आणि दुसऱ्यात नाही, असं असेल तर विचारा. तीन, पेंटाकॅमवर 'बॅड-डी' नावाचा आकडा असतो. तो १.६ च्या वर गेला की संशय आणि २.६ च्या वर गेला की उघड दोष मानतात. हा एकटा आकडा निकाल देत नाही, पण १.६ च्या वर असूनही तुम्हाला लॅसिकच सुचवत असतील तर कारण ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाकीच्या तपासण्या भराभर सांगतो. नंबर दोनदा काढायचा, एकदा नेहमीसारखा आणि एकदा थेंब टाकून. तरुण डोळा ताण देऊन मायनस नंबर फुगवून दाखवतो. त्या फुगलेल्या नंबरावर लेसर केला तर डोळा प्लसमध्ये जातो आणि वाचताना डोकं दुखतं. शर्मर चाचणीत पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते मोजतात. दहा मिलिमीटरच्या खाली सावध व्हायचं, पाचच्या खाली आधी कोरडेपणावर उपचार. अंधारातल्या बाहुलीचा व्यास, डोळ्यातला दाब, आणि बाहुली मोठी करून पडद्याची कडेपर्यंत तपासणी. मायनस नंबरच्या डोळ्यात पडदा कडेला विरलेला किंवा छिद्र पडलेला सापडू शकतो. गरज असेल तर आधी त्याभोवती लेसर करून काही आठवडे थांबतात आणि मगच नंबराची शस्त्रक्रिया करतात. आयसीएलचा विचार असेल तर कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींची मोजणी आणि पुढच्या कप्प्याची (कॉर्निया आणि नैसर्गिक भिंग यांमधल्या जागेची) खोली हवीच.

आता हिशोब

मायनस नंबर घालवायला किती पेशीभाग जाईल याचं एक साधं सूत्र आहे. लेसरच्या क्षेत्राच्या व्यासाचा वर्ग करा, नंबराने गुणा, तीनने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. व्यास ६ मिलिमीटर असेल तर दर नंबरामागे १२ मायक्रॉन, ६.५ असेल तर १४, ७ असेल तर १६. प्रत्यक्ष यंत्रं यापेक्षा थोडं जास्तच काढतात, कारण कडा गुळगुळीत करायची असते. अंदाजाला मात्र हे पुरतं. सिलिंडर नंबर असेल तर तो मुख्य नंबरात मिळवा.

नंबर −४, सिलिंडर −०.७५, जाडी ५३०. व्यास ६.५ धरला तर ४.७५ गुणिले १४ म्हणजे सुमारे ६७ मायक्रॉन. लॅसिकची झडप ११०. खाली शिल्लक राहिले ५३० वजा ११० वजा ६७, म्हणजे ३५३. इथे दोन कसोट्या लावतात. शिल्लक थर निदान २५० हवाच, आणि काळजी घेणारे सर्जन २८० ते ३०० धरतात. दुसरी कसोटी: झडप आणि कोरलेला भाग मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांच्या खाली राहावा. १७७ भागिले ५३०, म्हणजे ३३ टक्के. नकाशा निर्दोष असेल तर या डोळ्याला लॅसिक, पीआरके, स्माइल तिन्ही चालतील. मग निवड ओलावा, काम आणि पैसा यांवर.

दुसरा डोळा घ्या. नंबर −८, जाडी ५१०. ८ गुणिले १४ म्हणजे ११२. शिल्लक २८८. पहिल्या कसोटीत पास. पण २२२ भागिले ५१० म्हणजे साडेत्रेचाळीस टक्के, दुसऱ्या कसोटीत नापास. व्यास ६ वर आणला तर शिल्लक ३०४ होते आणि टक्केवारी ४० च्या जरा वर येते, कागदावर जमल्यासारखं दिसतं. मात्र अंधारात ज्याची बाहुली ७ मिलिमीटर होते त्याला कोरलेल्या क्षेत्राच्या बाहेरूनही प्रकाश आत जातो, आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात. घाटात रात्री गाडी चालवणाऱ्याला हा सौदा महागात पडतो. पीआरके केलं तर झडप नाही, पण एकूण जाडी ३९८ वर येते आणि एवढ्या खोल कोरण्यात पृष्ठभागावर धुरकटपणा येण्याची शक्यता वाढते. या डोळ्यासाठी आयसीएल हाच सरळ रस्ता.

स्माइलने पेशीभाग वाचतो, असं सर्रास सांगितलं जातं. हिशोब तसं म्हणत नाही. चकती नीट उचलता यावी म्हणून तिची कडा किमान १५ मायक्रॉनच्या आसपास जाड ठेवतात, म्हणजे तेवढाच भाग जादा जातो. चकतीच्या वर राहणारं झाकण १२० धरलं तर याच −८ च्या डोळ्यात खाली २६३ उरतात, लॅसिकपेक्षा कमी. स्माइलचा खरा फायदा दुसरीकडे आहे. कॉर्नियाचे पुढचे थर सगळ्यात बळकट, आणि स्माइलमध्ये ते एका छोट्या छेदापुरतेच कापले जातात.

आणखी एक आकडा: कॉर्नियाची वक्रता. दर मायनस नंबरामागे ती साधारण ०.७५ ते ०.८ ने कमी होते. मुळात ४१ डायॉप्टर असेल आणि −८ घालवायचा असेल तर ती ३५ किंवा त्याहूनही खाली जाते, आणि इतक्या चपट्या कॉर्नियातून दृष्टीचा दर्जा घसरतो.

तिसरा डोळा: नंबर फक्त −३, जाडी ५५०, बॅड-डी २.८, लहानपणापासून डोळे चोळण्याची सवय. हिशोब उत्तम, नकाशा वाईट. इथे कुठलाही लेसर नको. चोळणं बंद, ॲलर्जीवर उपचार, सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा, आणि आकार बदलत असेल तर सी थ्री आर.

कुणाला काय जमेल, आणि काय बिघडतं

पीआरके जुनं आहे म्हणून दुय्यम नाही. कॉर्निया जरा पातळ, नंबर −६ च्या आत, आणि कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग, पोलीस किंवा सैन्यातलं काम, जिथे डोळ्याला मार बसू शकतो, तिथे झडपच नसलेली ही पद्धत शहाणपणाची. किंमत वेळेची आहे. पहिले दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, पाणी येतं, उजेड नकोसा होतो. पट्टीसारखी मऊ लेन्स चार-पाच दिवस ठेवतात. स्पष्ट दिसायला आठवडे लागतात, पूर्ण स्थिर व्हायला एक ते तीन महिने. कॉर्निया धुरकट होऊ नये म्हणून जास्त नंबरात ०.०२ टक्के मायटोमायसिनचा फाया काही सेकंद ठेवतात. पुढचे काही महिने उन्हात गॉगल लागतोच. स्टेरॉइडचे थेंब एक ते तीन महिने हळूहळू कमी करत नेतात, आणि त्या काळात डोळ्यातला दाब मोजायला हवा. काहींच्या डोळ्यात स्टेरॉइडने दाब वाढतो आणि तो जाणवत नाही. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून स्वतःच थेंब घेत राहणं यातूनच काचबिंदू ओढवतो.

लॅसिकमध्ये दुसऱ्या दिवशी माणूस कामावर जाऊ शकतो, हा त्याचा मोठेपणा. कॉन्ट्यूरा उपयोगी पडतं ते सिलिंडर आणि थोड्या ओबडधोबड कॉर्नियात. गुळगुळीत कॉर्नियाच्या −२.५ नंबरवाल्याला साध्या फेम्टो लॅसिकपेक्षा फार वेगळं दिसेल अशी अपेक्षा ठेवून जादा पैसे भरू नयेत. झडप कडेने चिकटते, पण पूर्वीच्या ताकदीने कधीच नाही. जोराचा मार बसला तर ती वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणं आहेत. झडप कापताना नसा कापल्या जातात, म्हणून तीन ते सहा महिने कोरडेपणा जाणवतो. आधीच कोरडे डोळे असलेल्या, दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला हे फार जड जातं. पहिल्या दोन-तीन दिवसांत झडपेखाली वाळूच्या कणांसारखी सूज येऊ शकते. ती वेळेत दिसली तर थेंबांनी बसते, म्हणून दुसऱ्या दिवशीची भेट चुकवायची नाही.

स्माइल मायनस नंबर आणि मायनस सिलिंडरसाठी आहे. प्लस नंबरला ते सर्रास वापरत नाहीत. कमी नसा कापल्या जातात, त्यामुळे कोरडेपणा कमी, आणि झडप सरकण्याची भीती नाही. पण −१.५ सारख्या लहान नंबरात चकती इतकी पातळ निघते की ती काढताना फाटू शकते. काम चालू असताना डोळा हलला तर डोळा धरून ठेवणारं सक्शन सुटतं आणि सर्जनला पद्धत बदलावी लागते किंवा थांबावं लागतं. रुग्णाने हिरव्या दिव्याकडे स्थिर बघणं याला इथे फार महत्त्व आहे. पहिले काही दिवस लॅसिकपेक्षा थोडं धूसर दिसतं. घाबरायचं कारण नाही. उरलेला नंबर पुन्हा काढायचा झाला तर परत स्माइल होत नाही. वरून पीआरके करावं लागतं किंवा झाकणाची झडप करावी लागते.

सिलिंडर नंबर मोठा असणाऱ्यांनी हे जरूर विचारावं: झोपल्यावर डोळा काही अंश फिरतो, त्याची भरपाई कशी करणार? अक्ष १० अंशांनी चुकला तर सिलिंडरचा एक तृतीयांश फायदा जातो, ३० अंशांनी चुकला तर सगळाच. यंत्रात आपोआप सोय नसेल तर रुग्णाला बसवून डोळ्यावर शाईची खूण करतात.

आयसीएलसाठी वय साधारण २१ ते ४५, नंबर मोठा (−१८ पर्यंत भिंगं मिळतात), पुढच्या कप्प्याची खोली किमान २.८ मिलिमीटर आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशी वयाला साजेशा. दर चौरस मिलिमीटरमागे २,००० च्या खाली असतील तर थांबायला हवं. पेशीभाग काढत नाहीत, कोरडेपणा वाढत नाही, आणि मोठ्या नंबरात दृष्टीचा दर्जा लेसरपेक्षा सरस मिळतो. गरज पडली तर भिंग काढताही येतं. पण ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे, म्हणून क्वचित होणारा जंतुसंसर्ग कॉर्नियापुरता राहत नाही, डोळ्याच्या आत होतो.

इथे सगळं अडतं ते मापावर. भिंग चार मापांत येतं: १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिलिमीटर. ते बसवल्यावर त्याच्या आणि नैसर्गिक भिंगाच्या मध्ये साधारण २५० ते ७५० मायक्रॉनची पोकळी राहायला हवी. माप लहान पडलं तर भिंग खाली टेकतं आणि मोतीबिंदू होऊ शकतो. मोठं पडलं तर बुबुळाला पुढे ढकलतं, डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडतो आणि दाब वाढतो. बाहेरून मोजलेल्या बुबुळाच्या रुंदीवरून भिंग जिथे टेकतं त्या आतल्या खोबणीचा फक्त अंदाज येतो. अल्ट्रासाउंडने थेट मोजलेलं माप जास्त भरवशाचं. आजच्या भिंगाला मध्ये ०.३६ मिलिमीटरचं छिद्र असतं, त्यातून पाणी वाहतं, म्हणून पूर्वीसारखं बुबुळाला आधी भोक पाडावं लागत नाही. त्याच छिद्रामुळे काहींना दिव्याभोवती बारीक कडं दिसतं; बहुतेकांना काही महिन्यांत त्याची सवय होते. सिलिंडरचं भिंग मागवावं लागतं, त्याला काही आठवडे धरून चला. पेशी आणि पोकळी दरवर्षी मोजायची, हा खर्च आणि ही शिस्त आयुष्यभराची.

प्लस नंबरवाल्यांनी अपेक्षा बेताची ठेवावी. लॅसिकने +३ ते +४ पर्यंत ठीक, त्यापुढे परिणाम टिकत नाही.

चाळिशी लागलेल्यांसाठी

−३ चा माणूस चाळिशीनंतर चष्मा काढून पोथी, मोबाइल, सुईदोरा सगळं आरामात बघतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर शून्य केला की लांबचं झकास दिसतं आणि त्याच आठवड्यात वाचायला चष्मा लागतो. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर फसवल्यासारखं वाटतं. पर्याय म्हणजे एक डोळा लांबसाठी पूर्ण करायचा आणि दुसऱ्यात −१ ते −१.५ ठेवायचा. मेंदू हे स्वीकारेल का, ते कॉन्टॅक्ट लेन्स लावून एक-दोन आठवडे बघा. ऑफिस, रात्रीची गाडी, स्वयंपाक, सगळं त्यातच करून बघा. डोकं दुखलं किंवा पायऱ्या उतरताना अंदाज चुकला तर हा मार्ग सोडा.

नोकरी आणि विमा

भरतीची तयारी चालू असेल तर आधी चालू जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचा. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट पदासाठी लॅसिक केलेला उमेदवार अपात्र ठरतो. सैन्यदलांत काही शाखांना चालतं, पण विसाव्या वर्षाआधी केलेली शस्त्रक्रिया चालत नाही, १२ महिने उलटलेले लागतात, आणि उरलेला नंबर, डोळ्याची लांबी, कॉर्नियाची उरलेली जाडी यांच्या मर्यादा असतात. शस्त्रक्रियेचे कागद तेव्हा मागतात.

आरोग्य विम्याच्या प्रमाण अपवादांत ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबराच्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळलेला असतो. त्याच्या वर नंबर असेल तर प्रतीक्षा काळ आणि पूर्वपरवानगी विचारून दावा करता येतो. त्यासाठी शस्त्रक्रियेआधीचा नंबर कागदावर, सही-शिक्क्यासह हवा.

पैसे भरण्याआधी विचारायचं

माझा शिल्लक थर किती राहील आणि टक्केवारी किती? लेसरचा व्यास किती धरलाय, माझी अंधारातली बाहुली किती? नकाशा कुणी पाहिला, तंत्रज्ञाने की सर्जनने? नंबर उरला तर दुसऱ्यांदा करायला माझ्या कॉर्नियात जागा आहे का, आणि त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का? शस्त्रक्रिया कोण करणार आणि दुसऱ्या दिवशी कोण तपासणार? आकड्यांऐवजी 'काळजी करू नका' एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे मत घ्या. पेंटाकॅमची प्रत मागून घ्या, तुमची आहे ती.

त्या दिवशी आणि नंतर

काजळ आणि डोळ्यांचा मेकअप आठवडाभर आधी बंद. पापण्यांच्या मुळाशी उरलेलं काजळ झडपेखाली जाऊ शकतं. त्या दिवशी अत्तर, डिओ, आफ्टरशेव्ह नको, त्यांच्या वाफेने लेसरच्या कामात फरक पडतो. सकाळी केस धुवून घ्या, पुढचे काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही. सोबत कुणीतरी हवं. सुन्न करणारे थेंब टाकतात, इंजेक्शन लागत नाही. सक्शन लागल्यावर काही सेकंद दाब जाणवतो आणि दृष्टी काळवंडते, ते अपेक्षितच आहे.

रात्री झोपताना आठवडाभर प्लास्टिकचं कवच लावा. चोळायचं नाही, हे आयुष्यभरासाठी. पोहणं, विहीर, नदी, रंगपंचमी, मळणीची धूळ, भाताचा तूस हे महिनाभर टाळा. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलाव्याचे थेंब दिवसातून चार-सहा वेळा काही महिने टाका. त्रास नसला तरी टाका.

लगेच फोन करायच्या खुणा पाठ असू द्या. पीआरकेनंतर तिसऱ्या दिवसापासून दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर संसर्ग. लॅसिकनंतर मार बसून अचानक धूसर झालं तर झडप सरकली. आयसीएलच्या पहिल्या दिवशी डोळा आणि डोकं ठणकून उलटी झाली तर दाब चढला. ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका, तासांवर गोष्ट असते. नंतर कधीही डोळ्यासमोर काळे ठिपके, चमक किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तर पडद्याची तपासणी त्याच दिवशी. नंबर गेला तरी डोळा लांबटच राहतो, म्हणून मोठ्या मायनसवाल्यांनी पडदा दरवर्षी दाखवायचा.

उरलेल्या नंबरासाठी दुसरा हात मारायचा असेल तर किमान तीन ते सहा महिने थांबा. त्याआधी डोळा स्थिर नसतो.

शेवटी एक फाइल करा. त्यात शस्त्रक्रियेआधीचा नंबर, आधीची वक्रता, आधीची जाडी, किती मायक्रॉन काढले, आयसीएल असेल तर भिंगाचं कार्ड. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा लेसर झालेल्या कॉर्नियावर भिंगाचं गणित चुकतं आणि नेहमीच्या सूत्राने बसवलेलं भिंग डोळ्याला प्लसमध्ये टाकतं. जुने आकडे असले तर डॉक्टर ते दुरुस्त करू शकतात. पातळ कॉर्नियावर दाबही खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, म्हणून काचबिंदूची तपासणी करताना लेसर झाल्याचं सांगावंच लागतं. फाइलची एक प्रत मोबाइलमध्ये ठेवा आणि दुसरी घरात कुणाला तरी माहीत असेल अशा जागी.